तिघं होते... बोगमाळोच्या वाटेवरचं एक विमान

गोव्याच्या प्रत्येक ट्रिपमध्ये एक वेळ अशी येते, की तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नाही. हॉटेलचं चेकआउट अकराला आणि फ्लाइट संध्याकाळी साडेसहाची. बॅगा भरलेल्या, पैसे संपलेले, चेहरे उतरलेले. सोमवारच्या मीटिंगचे मेल फोनवर टपकायला लागलेले. बीचवर जावं तर पुन्हा पायाला वाळू आणि मॉलमध्ये जायला गोव्याला कशाला यायचं? मग ग्रुपमधला कुणीतरी म्हणतो, ‘चला, एअरपोर्टवरच जाऊन बसू!’ आणि सगळे निमूटपणे टॅक्सीत बसतात.

पुढच्या वेळी असं करू नका. तुमचं विमान मोपाहून नसेल, दाबोळीहूनच असेल, तर टॅक्सीवाल्याला सांगा, ‘दादा, आधी बोगमाळो.’ दाबोळीच्या विमानतळापासून जेमतेम काही मिनिटांवर, बोगमाळो बीचकडे उतरणाऱ्या रस्त्याला नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. नेव्हल एव्हिएशन म्युझियम. १९९८ साली सुरू झालेलं. गोव्याला दहा वेळा जाऊन आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींपैकी एकानेही ते आतून पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. मला तिथे पाठवलं ते आमच्या सोसायटीतल्या काकांनी.

हे काका पंचाहत्तरी ओलांडलेले. ताठ चालणं, इस्त्रीचा शर्ट, सकाळी सहाला जिन्यावर पावलांचा आवाज आला की समजायचं, काका फिरायला निघाले. तरुणपणी नौदलात होते, विमानांची देखभाल करायचे, एवढंच आम्हाला माहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून तावातावाने भांडणारा हा माणूस युद्धाबद्दल कधीच काही बोलायचा नाही. गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी लिफ्टमध्ये भेटले.

‘‘गोव्याला चाललीस म्हणे?’’

‘‘हो काका. तीन दिवस.’’

‘‘मग एक काम कर माझं. बोगमाळोच्या रस्त्याला आमचं म्युझियम आहे. तिथे अलिझे उभं असेल. त्याला बघून ये.’’

‘‘फोटो काढून आणू?’’

‘‘फोटो नको, माझ्याकडे आहेत. नुसतं बघ. आणि आत माणसं किती बसायची, ते मला सांग.’’

हे काय कोडं, असं म्हणून मी हसले. काका हसले नाहीत.

हिरवळीवरची विमानं

म्युझियम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंधारे हॉल आणि ‘हात लावू नका’च्या पाट्या येतात. इथे तसं नाही. बाहेर मोकळ्या जागेत विमानं उभी आहेत, माथ्यावर गोव्याचं ऊन आणि अधूनमधून शेजारच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या खऱ्या विमानाचा कानठळ्या बसवणारा आवाज. ही धावपट्टी मूळची पोर्तुगिजांच्या काळातली. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि नंतर ती नौदलाकडे आली. १९६४ मध्ये नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ कोइमतूरजवळच्या सुलूरहून इथे हलला. म्हणजे आपण ज्या विमानतळावर कॅज्युअल शॉर्ट्समध्ये उतरतो, तो मुळात नौदलाचा तळ आहे.

सगळ्यात आधी नजर जाते ती अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनकडे. चार पंखे, माशासारखं बाकदार अंग आणि तीन शेपट्या. ज्याला त्याला त्याच्यापुढेच फोटो हवा असतो. मग सी हॉक हे छोटंसं जेट, ‘विक्रांत’वरून उडणारं. मग जागच्या जागी सरळ वर उठू शकणारं सी हॅरिअर, म्हणजे या गल्लीतलं सुपरस्टार. पोरांची गर्दी तिथेच.

अलिझेपुढे कुणीच नव्हतं.

खरं सांगायचं तर ते देखणं नाही. गोल पोट, नाकावर एकच पंखा, पंखांना बोंगे लावल्यासारखे फुगवटे. ‘टॉप गन’ बघून आलेल्या माणसाला ते विमान वाटणारच नाही, मालवाहू टेम्पो वाटेल. नाव मात्र झकास. अलिझे म्हणजे फ्रेंच भाषेत व्यापारी वारे, ज्यांच्या जोरावर जुनी शिडाची जहाजं समुद्र ओलांडायची. फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचं हे विमान. १९६१ मध्ये आपल्या नौदलाने ते घेतलं आणि त्यासाठी ३१० नंबरचं स्क्वाड्रन उभं केलं. काम एकच, पाणबुडी शोधायची.

मी काचेच्या टपातून आत डोकावायचा प्रयत्न केला, काही नीट दिसलं नाही. उन्हात डोळे बारीक करून काकांना फोन लावला.

‘‘काका, बघितलं. दोन जण बसत असतील ना? एक पायलट आणि एक मागे?’’

पलीकडे थोडा वेळ शांतता.

‘‘तीन,’’ काका म्हणाले. ‘‘सगळे एक म्हणतात, नाहीतर दोन म्हणतात. तिघं होते.’’

‘होते’ या शब्दावर मी अडकले. बसायचे, असं नाही म्हणाले. होते, म्हणाले.

तिघांचं ऑफिस

मुंबईला परत आल्यावर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन बसले. काकूंनी पोहे केले होते. काकांनी कपाटातून वही काढली आणि पेन्सिलने अलिझेचं चित्र काढून मला समजावलं.

पाणबुडी पाण्याखाली असते, म्हणजे दिसत नाही. पण बॅटऱ्या चार्ज करायला तिला अधूनमधून वर यावं लागतं, निदान हवेची नळी तरी पाण्याबाहेर काढावी लागते. तेवढं बोटभर टोक समुद्राच्या लाटांत शोधून काढणं, हे अलिझेचं काम. त्यासाठी पोटात रडारचा घुमट, लागेल तेव्हा खाली सरकणारा. शिवाय सोनोबॉय, म्हणजे वरून पाण्यात टाकायच्या नळ्या. त्या तरंगत राहतात, पाण्याखालचा आवाज ऐकतात आणि रेडिओवरून विमानाला कळवतात. पाणबुडी सापडलीच तर टाकायला डेप्थ चार्ज.

एक माणूस विमान चालवणार. दुसरा ऑब्झर्वर, म्हणजे कुठे आहोत, कुठे जायचंय आणि शोध कसा घ्यायचा याचा हिशेब त्याच्याकडे. तिसरा एअरक्रूमन, खलाशांमधून आलेला, यंत्रांवर बसून ऐकणारा आणि बघणारा. अशा तिघांनी तासन् तास खाली एकसारखा समुद्र बघत राहायचं. बहुतेक दिवशी काहीच सापडत नाही. ‘काही नाही सापडलं’ हाच रिपोर्ट. आणि तरी उद्या पुन्हा जायचं.

मला आपल्या ऑफिसातले नाइट शिफ्टवाले आठवले. सगळं नीट चाललं असेल तर त्यांचं नाव कुणालाही माहीत नसतं.

‘‘मी तेव्हा पूर्वेला होतो, विक्रांतवर,’’ काका म्हणाले. १९७१ च्या युद्धात ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले, त्यामुळे पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमानवाहू जहाजावरून विमान उडवायचं तर समोरून वारा लागतो आणि तो जहाजाच्या वेगातूनही मिळवायचा असतो. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्यावरून सी हॉक आणि अलिझे उडाली, कॉक्स बझार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले झाले. ‘‘आम्ही झोपायचोच नाही. विमान आलं की तेल, तपासणी, पुन्हा वर. पण स्क्वाड्रन वाटलेलं होतं. काही विमानं आमच्याकडे, काही इकडे पश्चिम किनाऱ्यावर.’’

पश्चिमेची गोष्ट आपल्याला शाळेत अर्धीच सांगतात. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला. तो दिवस आजही नौदल दिन म्हणून साजरा होतो. पण त्यानंतर पाच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात आपली ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच पाण्यात गेले. दीवला फिरायला गेलात तर समुद्रकाठच्या टेकाडावर ‘खुकरी’चं स्मारक आहे, काचेत तिची छोटी प्रतिकृती ठेवलेली.

या बुडण्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पश्चिमेकडे एक अलिझे समुद्रावर गेलेलं होतं. वैमानिक लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय. ऑब्झर्वर लेफ्टनंट एच. एस. सिरोही. एअरक्रूमन विजयन.

पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटरने ते पाडलं. स्टारफायटर हे आवाजाच्या दुप्पट वेगाने उडू शकणारं जेट. अलिझे पंख्याचं, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास दम संपणारं, हवेत लढण्यासाठी बनवलेलंच नाही. हायवेवर मोटारसायकलच्या मागे रेसिंग कार लागावी, तसला मामला. तिघांपैकी कुणीही परत आलं नाही.

दोन्हीकडचा समुद्र

इथे काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला अपेक्षित नव्हती. दोन दिवसांनी, १२ डिसेंबरला, जामनगरवर चालून आलेलं एक स्टारफायटर आपल्या हवाई दलाच्या मिग-२१ ने कच्छच्या आखातावर पाडलं. मिगमध्ये फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी होते. स्टारफायटरमध्ये पाकिस्तानचे विंग कमांडर मर्विन मिडलकोट. ते विमानातून बाहेर पडले, पण समुद्रात. त्यांचाही पत्ता कधी लागला नाही.

‘‘म्हणजे बदला घेतला गेला तर!’’ माझ्यातली पत्रकार उत्साहाने म्हणाली.

‘‘बदला कसला, बाळ,’’ काका म्हणाले. ‘‘त्यांच्याकडेही कुणीतरी वाट बघतच बसलं असेल की.’’

मी वही बंद केली. हेडलाइन सुचली होती, ती खोडून टाकली.

वाट बघणं ही १९७१ ची न संपलेली गोष्ट आहे. युद्ध १६ डिसेंबरला पूर्वेत आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेत थांबलं. पुढे कैद्यांची देवाणघेवाण झाली. पण जे बेपत्ता राहिले, त्यांच्यातल्या काहींबद्दल घरच्यांना वाटत राहिलं, की ते पाकिस्तानच्या तुरुंगात जिवंत असतील. ‘मिसिंग फिफ्टी-फोर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या यादीत लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय यांचं नाव आहे. त्याच यादीत हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबेही आहेत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ मध्ये बेपत्तांच्या नातेवाइकांचा एक गट पाकिस्तानातले तुरुंग बघून आला, त्यातून ठोस काही हाती लागलं नाही.

आपण कुणाचा मेसेज दोन तास आला नाही तर कासावीस होतो. ‘लास्ट सीन’ बघत राहतो. इथे ‘लास्ट सीन’ १९७१ आहे.

आपली ‘विक्रांत’ आणि आपली आठवण

मुंबईकरांना ‘विक्रांत’ आठवत असेल. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली आणि २००१ पासून काही वर्षं म्युझियम म्हणून मुंबईच्या पाण्यात उभी होती. माझी शाळेची सहल तिथे गेली होती. त्या सहलीतलं मला काय आठवतं? डब्यातली बटाट्याची भाजी आणि डेकवर माझी टोपी उडाली ते. २०१२ मध्ये म्युझियम बंद झालं, २०१४ मध्ये जहाज तोडायला घेतलं. त्या लोखंडातून एका कंपनीने २०१६ मध्ये मोटारसायकल काढली, ऑफिसमधल्या एका मित्राने हौसेने ती घेतलीही. त्याच वर्षी फोर्टात नौदलाच्या लायन गेटजवळ अर्झान खंबाटा यांनी ‘विक्रांत’च्या धातूतून केलेलं शिल्प उभं राहिलं. २०२२ च्या सप्टेंबरात कोचीला नवी ‘विक्रांत’ नौदलात आली. नाव राहिलं, हे चांगलंच झालं.

पण जहाजाचं नाव लक्षात ठेवणं सोपं असतं. फार तर पायलटचंही राहतं, कारण सिनेमात तोच हेल्मेट काढून हसतो. आठवणीलाही हुद्दा लागतो बहुतेक. बोगमाळोला मी स्वतःच तेच केलं होतं. पायलट धरला, मागे कुणी एक असेल म्हटलं आणि तिसऱ्याला विमानातून उतरवून टाकलं. काकांचं कोडं त्यासाठीच होतं. हा माणूस स्वतः खलाशांमधला, ग्रीसने हात काळे करणारा. कदाचित म्हणूनच त्यांना तिसऱ्या खुर्चीची काळजी.

‘‘तुम्ही ओळखायचात त्यांना?’’ मी विचारलं.

‘‘तिघांपैकी कुणाशी खास ओळख नव्हती. स्क्वाड्रन एक, एवढंच. बातमी आमच्याकडे विक्रांतवर पोचली तेव्हा हातात पाना होता. पुढचं विमान तयार करायचं होतं. केलं.’’

काकू तोवर गप्प होत्या. रिकाम्या बशा उचलता उचलता म्हणाल्या, ‘‘दरवर्षी दहा डिसेंबरला हे देवापुढे तीन उदबत्त्या लावतात. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, यांच्या घरचा काही नेम असेल. सासूबाईंना विचारलं तर त्यांनाही माहीत नाही. मी आपली लावू देत राहिले. कारण मला कळलं तेव्हा मोठी मुलगी कॉलेजात होती.’’

काका खिडकीबाहेर बघत होते. ‘‘समाधी नाही, काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘समुद्रात दगड कुठे रोवणार? नाव घ्यायचं, बस.’’

मग जायचं कसं?

वास्कोहून बोगमाळोला जाणारी बस या रस्त्याने जाते, दाबोळी विमानतळावरून टॅक्सी किंवा भाड्याची स्कूटरही चालेल. म्युझियम सोमवारी बंद असतं आणि नौदलाच्या हद्दीलगत असल्यामुळे निघण्यापूर्वी वेळेची चौकशी केलेली बरी. दीड-दोन तास हाताशी ठेवा. दुपारी बाराचं ऊन टाळा, बाहेरच्या विमानांना सावली नाही, तुम्हालाही मिळणार नाही. आतल्या दालनात नौदलाच्या हवाई शाखेची गोष्ट फोटो आणि मॉडेलमधून मांडली आहे, तीही घाईत उरकू नका. तिथून खाली उतरलात की बोगमाळोचा छोटा बीच. बागा-कलंगुटसारखी झुंबड नाही. बॅगा टॅक्सीत ठेवून अर्धा तास पाण्यात पाय सोडून बसता येतं.

मी त्या दिवशी तसंच केलं होतं. काकांचा ‘तीन’ अजून कानात होता, अर्थ माहीत नव्हता. समोर तोच अरबी समुद्र, वर उत्तरेला सौराष्ट्राच्या किनाऱ्याला लागणारा. एक विमान डोक्यावरून गेलं आणि वळून मुंबईच्या दिशेने लहान होत गेलं. माझंही त्याच दिशेने संध्याकाळी जाणार होतं, पाऊण तास उशिराने, आणि त्या पाऊण तासावरून मी काउंटरवर चिडचिड करणार होते.

आता पुन्हा गेले तर अलिझेपुढे जरा जास्त वेळ थांबेन. तुम्ही गेलात तर तुम्हीही थांबा. सुपर कॉन्स्टेलेशनपुढचा सेल्फी काढून झाला की दोन मिनिटं या जाड्या, साध्या विमानाला द्या. हात जोडायची गरज नाही, सॅल्यूट ठोकायची तर नाहीच. शेजारी एखादा लहान मुलगा बाबांना विचारत असेल, ‘यात किती जण बसायचे?’ तर त्याला बरोबर उत्तर सांगा.

रॉय. सिरोही. विजयन.

तिघं होते.